धोंडोपंत आधी उठले

आमच्या वहिनीला घाईत असलेलं कोणी पाहिलेलं नाही. घराला आग लागली तर ती आधी चष्मा पुसेल, मग आगीकडे नीट बघून घेईल आणि मगच हाक मारील, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो अँब्युलन्स चालवतो. अशा माणसाचं अशा बाईशी जमलं कसं, हा आमच्या घरातला जुना विषय आहे. आईचं म्हणणं असं, की दादाने विचारलं तेव्हा वहिनी विचार करत होती, आणि तिचा विचार पूर्ण व्हायच्या आत लग्न उरकलं होतं.

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत वहिनीचं बाइंडिंगचं दुकान आहे. तिथे मुलंमुली आपापले प्रबंध घेऊन धापा टाकत येतात. पाच वर्षं ज्याला हात लावला नाही ते यांना तासाभरात बांधून हवं असतं. वहिनी पानं टेबलावर ठोकून सारखी करते, शिवते, कण्याला खळ लावते, पुठ्ठा चढवते आणि सगळं शिकंज्यात आवळून ठेवते. मग समोरच्याला स्टूल देते. समोरचा घड्याळ बघतो, घाम पुसतो, आपल्या गाइडचं नाव घेतो. वहिनी म्हणते, "वाळू दे." तिच्या तोंडून एका दमात बाहेर पडणारं हे एवढं एकच वाक्य.

बाकीची वाक्यं तिला पूर्ण करता येत नाहीत असं नाही. कोणी करू देत नाही. ती "मला वाटतं..." म्हणाली की दादा "भूक लागली" म्हणून तिच्यापुढे ताट ठेवतो. तिला खरं म्हणजे खिडकी लावायची असते. ती बिचारी जेवते, आणि मग उठून खिडकी लावते. यात भांडण नाही. दादाला वाटतं आपण मदत करतोय, आणि वहिनीला वाटतं, करू दे.

तर अशी ही वहिनी दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये घेऊन घरी बसली. तिचा वेळ जावा म्हणून दादाने कुठून तरी हातात धरून खेळायचं एक जुनं यंत्र आणलं. त्यात राक्षसांच्या झुंजीचा खेळ होता. राक्षस म्हणजे नावालाच. काही तर उशीशी घेऊन झोपावेत इतके गोड. सुरुवातीला तीन पिल्लांतून एक निवडायचं असतं. एक विजेसारखा कोल्हा, एक सुईच्या चोचीचा पक्षी, आणि एक दगड. दगडाला दोन हात होते आणि चेहऱ्यावर नुकतंच झोपेतून उठवल्याचा भाव होता. वहिनीने दगड घेतला. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "ते दोघं... आपलं आपण बघतील, भावजी."

त्या दगडाचं नाव तिने धोंडोपंत ठेवलं.

खेळ साधा आहे. दोघा खेळाडूंकडे तीन-तीन राक्षस, एका वेळी मैदानात एकेक. दोघांनी आपापला हुकूम गुपचूप द्यायचा. मग ज्याचा राक्षस चपळ त्याचा वार आधी. म्हणून सगळं जग चपळ राक्षस पाळतं. मंदांचे फटके जबरदस्त असतात, पण फटका मारायला आधी जिवंत राहावं लागतं. धोंडोपंत हात उचलेपर्यंत समोरचा त्यांना मारून घरी जेवायला गेलेला असे.

प्लास्टर निघायच्या सुमाराला वहिनीला उलटफेर सापडला. ही एक चाल आहे. ती टाकली की काही फेऱ्यांपुरता मैदानाचा कायदाच उलटा होतो: जो सगळ्यात मंद, त्याचा वार आधी. उलटफेर चालू असताना कोणी तो पुन्हा टाकला तर जग सरळ होतं, असंही त्या चालीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याच लक्षात नसे. एवढ्या कष्टाने उलटं केलेलं जग पुन्हा सरळ करणार कोण?

वहिनीने मग पद्धतशीर मंदांचा संसार थाटला. काकूबाई नावाचं घुबड उलटफेर टाकायला. ते आधी एक वार सोसायचं, उलटफेर टाकायचं आणि अगदीच जिवावर आलं तर शत्रूच्या अंगावर फुटायचं. मठ्ठू नावाचा चिखलाचा रेडा फटके द्यायला. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मंद, धोंडोपंत. लोक आपल्या राक्षसांना वेग वाढवणारी फळं चारतात. वहिनी शोधून शोधून आळशी निवडायची. मी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चहा हातात तसाच राहिला. समोरचा वाऱ्यासारखा राक्षस उडी घ्यायच्या पवित्र्यात थिजून उभा, आणि आमचे धोंडोपंत शांतपणे, कोणाचंही काही न बिघडल्यासारखे, हात वर नेतायत. सगळं जग त्यांच्यासाठी थांबलं होतं. वहिनीसाठी मी जगाला असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सायकलच्या दुकानावर एक हॉल आहे. तिथे दर रविवारी या खेळाचं मंडळ भरतं. रबराचा आणि ग्रीसचा वास, मोडक्या खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. सायकलवाले मंडळाचे अध्यक्ष. वहिनी तिथे जाऊ लागली. बाइंडरबाई आल्या की लोक आधी हसत, मग हरत, मग हसणं सोडून खुर्ची देऊ लागले. दुकान आणि घर सोडून वहिनी स्वतःच्या मनाने जाते अशी ती एकमेव जागा.

मंडळात एक व्यायामाचे सर होते. गळ्यात शिट्टी, रविवारीही. त्यांचे राक्षस त्यांच्यासारखेच, सतत जागच्या जागी उड्या मारणारे. वहिनीकडून ते बरेचदा हरले आणि एका रविवारी उभे राहून म्हणाले, की उलटफेर मंडळात बंद करावा. जो चपळ तो आधी, हा खेळाचा पाया आहे. पाया उलटा करणं म्हणजे शर्यतीत शेवटच्याला पदक देणं. माणूस मनापासून बोलत होता. काहींनी माना डोलावल्या.

मंडळाची एक पद्धत आहे: नियमावरून वाद झाला तर वाद घालायचा नाही, खेळायचं. नियम मागणारा आणि नको म्हणणारा यांची एक झुंज, जिंकेल त्याचं खरं. दोघांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आपल्या तीन राक्षसांची नावं अध्यक्षांना सांगायची, मग बदल नाही. झुंज रविवारी ठरली.

घरी येताना वहिनी म्हणाली, "हरले तर मग मी..."

"काळजी करू नकोस," दादाने वाक्य पूर्ण केलं.

"...जायची नाही तिथे," वहिनी म्हणाली. पण ते फक्त मला ऐकू आलं.

तिला एक कुणकुण होती. सरांनी म्हणे गुपचूप एक लोखंडी गोगलगाय पाळली होती. उड्या मारणाऱ्या माणसाने गोगलगाय पाळावी, म्हणजे त्याने किती मनावर घेतलं असेल! उलट्या जगात ती मठ्ठूच्याही आधी वार करणार होती. तिच्याहून मंद असे एकटे धोंडोपंत, तेही केसभरानेच. वहिनीची सगळी आशा त्या केसावर होती.

शनिवारी दादाने तो केस कापला.

प्रेमाने कापला, हे सांगायला हवं. त्याच्या अँब्युलन्सला त्या दिवशी फारशी धावपळ नव्हती. बायकोच्या झुंजीला आपला हातभार लागावा म्हणून त्याने यंत्र बरोबर नेलं आणि गाडीत बसून धोंडोपंतांना एकामागून एक वाऱ्याची फळं चारली. आयुष्यभर ज्याने एकच गोष्ट पाहिली, की लवकर पोचलं तर माणूस वाचतो, तो दुसरं काय करणार? घरी येऊन त्याने यंत्र वहिनीपुढे धरलं आणि सांगितलं, की बघ, तुझा म्हातारा कसा टुणटुणीत झालाय.

वहिनीने पाहिलं. फळांचा उतारा त्या खेळात आहे, पण तो मिळायला महिना लागतो. नावं तर कालच देऊन झाली होती. धोंडोपंत कोल्ह्यापेक्षा अजून मंदच होते, पण गोगलगाईपेक्षा चपळ झाले होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दादाकडे बघितलं, त्याचा तो फुललेला चेहरा पाहिला आणि म्हणाली, "छान... दिसतायत."

स्वयंपाकघरात नेऊन मी दादाला समजावलं. रस्त्यावरचे अपघात रोज पाहणारा हा माणूस भांड्यांच्या कपाटाला टेकून खाली बसला. तिला काय तोंड दाखवू, एवढंच म्हणत होता. वहिनी आत आली, त्याला ओलांडून कपाट उघडलं, त्याच्यासाठी कप काढला आणि चहा ठेवला.

रविवारी हॉल भरला होता. दादा गणवेशातच मागच्या भिंतीला चिकटून उभा होता. सरांनी कोल्हा उतरवला, वहिनीने काकूबाई. कोल्ह्याने काकूबाईंना पार लोळवलं, पण त्यांचा धुगधुगीएवढा जीव उरला आणि त्यांनी उलटफेर टाकला. वहिनीने त्यांना मागे घेऊन मठ्ठूला पुढे केलं. मठ्ठूने कोल्ह्याचा फटका अंगावर घेतला आणि मग उलट्या जगाचा फायदा उठवत कोल्ह्याला आडवा केला, पाठोपाठ पक्ष्यालाही. लोक टाळ्या वाजवू लागले. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी गोगलगाय काढली.

ती मठ्ठूहून मंद. म्हणून तिचा वार आधी, आणि मठ्ठू गेला.

आता सरांकडे एकटी गोगलगाय, ताजी टवटवीत. वहिनीकडे धुगधुगी धरलेल्या काकूबाई आणि धोंडोपंत. उलटफेर अजून चालू. हॉलमधल्या सगळ्यांचा हिशेब सोपा होता: धोंडोपंत सगळ्यांत मंद, तेच आधी मारणार, बाइंडरबाई जिंकल्या. खरी गोष्ट त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत होती. धोंडोपंत आत्ता उतरले तर गोगलगाय आधी मारील, आणि लोखंडाचा तो एक घाव दगडाला पुरे होता. मी मागे पाहिलं. दादाने डोळे मिटले होते.

विचार करायला जेवढा वेळ मिळतो तेवढा सगळा वहिनीने घेतला. चष्मा काढला, पुसला, घातला. आणि काकूबाईंना उतरवलं.

सर हसले. मरायला टेकलेलं घुबड आता अंगावर फुटणार, हे त्यांनी तिच्या कितीतरी झुंजींत पाहिलेलं. त्यांनी त्या फेरीत वार न करता गोगलगाईला शंखात बंद केलं. शंखाला फुटण्याची काय पर्वा? पण काकूबाई फुटल्या नाहीत. त्यांनी पंख पसरले आणि पुन्हा उलटफेर टाकला.

जग सरळ झालं.

हॉलमध्ये हळहळ पसरली. बाईंचा हात चुकला, कोणीतरी म्हणालं; सवयीने तेच बटण दाबलं गेलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. ज्या चालीसाठी ती भांडायला उभी राहिली होती ती तिने स्वतःच मोडली होती. पुढच्या फेरीत गोगलगाईने काकूबाईंना संपवलं आणि धोंडोपंत मैदानात आले, झोपमोड झाल्यासारखे, एकटे, सरळ जगात. सरळ जगात धोंडोपंत आधी मारतील ही कल्पना त्या हॉलमध्ये कोणाला शिवणं शक्य नव्हतं. सरांनी शंख न मिटता सरळ वाराचा हुकूम दिला. कोणीही तेच केलं असतं.

आणि धोंडोपंत आधी उठले.

सावकाशच उठले, फळं खाऊनही त्यांचा थाट तोच होता. हात वर जाऊ लागला. गोगलगाय वाट बघत थांबून राहिली. हॉल थांबला. खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, तो पंपाचा आवाज तेवढा येत होता. मी आयुष्यात मोठमोठ्या गोष्टी पाहिल्या नाहीत. पण डोंगर जागचा हलला तर कसं वाटेल ते मला त्या वेळी कळलं. मग हात खाली आला आणि पडद्यावर गोगलगाय उरली नाही.

सर पडद्याकडे, मग स्वतःच्या हातातल्या यंत्राकडे, मग वहिनीकडे बघत राहिले. माणूस दिलदार; शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. उलटफेर राहील, म्हणाले. मग जवळ आले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात, देवळात विचारावं तसं विचारलं, "बाई, तो आधी उठला कसा?"

वहिनीने तोंड उघडलं. "धोंडोपंतांना..." म्हणाली, आणि नेहमीसारखी थांबली.

मागून दादा पुढे आला होता. त्याचंही तोंड उघडलेलं मी पाहिलं. वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, आणि या खेपेला तर त्याला ते बिनचूक ठाऊक होतं. त्याने ओठ मिटले. सर वाट बघत होते. अध्यक्ष वाट बघत होते. मोडक्या खुर्च्यांवरची ती सगळी चपळ मंडळी एकही खुर्ची न करकरवता वाट बघत बसली होती. वहिनीने सगळ्यांकडे एकदा बघितलं. तिला जरा नवलच वाटलं असावं. खळ वाळायला लागतो तसा वेळ तिने घेतला.

"...आमच्या ह्यांनी," ती म्हणाली, "खाऊ घातला."