समुद्राकाठचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझ्या लेकीला प्रवासाची मनाई केली, म्हणून रावेरहून मीच केरळात गेले. जावई तिकडे बंदरात नोकरीला होते. मी सोबत बाजरीचं पीठ, मेथीचे लाडू, डिंक आणि शेंगदाण्याची तिखट चटणी घेतली.

लोक त्या मुलखाची फार तारीफ करतात. मला तारीफ करण्यासारखं काही दिसलं नाही. घरामागे खाडी, तिच्यात काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजत घातलेली. तो वास जेवताना ताटात यायचा. मिठाचं पाणी व्हायचं, धुतलेलं लुगडं वाळायचं नाव घेत नसे. समुद्र पाहिला. एवढं पाणी, पण घोटभर पिता येत नाही. सकाळी जाडजूड केळी सालासकट वाफवून खायची. केळीच्या गावची मी, पण केळं उकडलेलं तिथेच पाहिलं. भाजीत नारळ, आमटीत नारळ, डोक्यालाही नारळ. खोबरं आम्हीही खातो, पण वाळवून, भाजून, मसाल्यात.

त्या ओलीत माझ्या पिठाला बुरशी धरली, लाडवांना वास सुटला. नातू झाला, पण लेकीला दूध येईना. ती भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. पोर रडून रडून दमून झोपायचं.

शेजारची म्हातारी हे सगळं कुंपणावरून बघत होती. एका दुपारी ती केळीच्या पानात काहीतरी बांधून घेऊन आली. आत नारळात परतलेला, किसल्यासारखा चुरा.

"मुशी आहे," जावई खाली बघत म्हणाले. "मासा. इथे बाळंतिणीला दुधासाठी देतात."

आमच्या घरात अंडंही कधी शिजलं नव्हतं. मी बोटाने दार दाखवलं. म्हातारीला माझी भाषा येत नव्हती, पण बोट कळलं असणार. तरी ती हलली नाही. नातवाकडे बघत पान माझ्यापुढे धरून उभी राहिली.

"माय, तू नको म्हण, मी नाही खाणार," लेक म्हणाली. "पण मग पोराला काय पाजू ते सांग."

माझ्याकडे बुरशीचं पीठ होतं.

"खा," मी म्हणाले. "पण नाक दाबून खा. आणि तुझ्या बापाला कळवू नको."

तिने नाक दाबलं नाही. पान चाटूनपुसून साफ केलं. तेव्हाच मी समजले, ही पहिली वेळ नव्हे. जावई भिंतीवरची पाल बघत बसले.

मग रोज पान येऊ लागलं, आणि दूधही आलं. मुशीनं आलं की पोटात काहीतरी गेल्यानं, ते देवाला ठाऊक. मी मुशीला मान देणार नाही.

निघताना म्हातारीला माझी चटणी दिली. तिने बोटभर चाटली, तोंड वाकडं केलं आणि उरलेली माझ्यादेखत कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनीही खाल्ली नाही. त्या मुलखात कोणालाच जिभेची चव नाही.