तांडेलाने इंडिकेटर का फोडला

ज्या माणसाने उन्हात उभे राहून स्टेशनवर नवा इंडिकेटर बसवला, त्यानेच तो भर सकाळी, लोकांच्या देखत, लोखंडी पान्याने का फोडला, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. आमच्या भागात या प्रश्नाची तीन उत्तरे दिली जातात. तो प्यायलेला होता, हे पहिले. कंत्राटदाराशी त्याचे वाकडे आले होते, हे दुसरे. तिसरे उत्तर देणारे काही बोलत नाहीत, कपाळाशी बोट फिरवतात. हे सर्व जण त्या वेळी फलाटावर किंवा रुळांवर होते. मी पुलावर होतो. माझे उत्तर वेगळे आहे. पण ते सांगण्याआधी माणूस कसा होता हे सांगितले पाहिजे, कारण त्याचा स्वभाव वगळला तर घटना समजत नाही.

पनवेलजवळच्या एका लहान स्टेशनालगतच्या गावात मी पुष्कळ वर्षे भूगोल शिकवला. राहायला नवीन पनवेलला, शाळा त्या गावात, त्यामुळे रोजचे जाणे-येणे गाडीने. स्टेशनाचे नाव मुद्दाम लिहीत नाही; तिथली माणसे अजून तिथेच राहतात आणि मला भेटतात. दोन फलाट, त्यांना जोडणारा एक पूल, आणि भिंतीवर रंगवलेले, अर्धे पुसलेले वेळापत्रक, एवढाच त्याचा थाट होता. लहान स्टेशनांवरही गाडीची वेळ आणि फलाट दाखवणारे विजेचे इंडिकेटर बसवायचे ठरले, तेव्हा एका कंपनीची टोळी तिथे कामाला आली. त्या टोळीचा मुकादम म्हणजे तांडेल.

मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. हा मूळचा उरणकडच्या खाडीवरचा. बापाची बोट होती, ती गेली. मग न्हावा शेव्याला बंदरात काम केले, आणि तिथून तो या वायरींच्या धंद्यात आला. बोट राहिली नव्हती तरी त्याच्या टोळीने त्याला ते नाव दिले होते, आणि ते योग्य होते. वादळात बोटीवर जसे हुकूम सुटतात तसा तो दिवसभर ओरडत असे, आणि हुकूम ऐकला गेला नाही तर हात चालवत असे. पट्टा न बांधता खांबावर चढलेल्या एका गड्याला त्याने पाय धरून खाली ओढले, कानफटात मारली, आणि मग स्वतः गुडघ्यावर बसून त्याच्या कमरेला पट्टा आवळला. मी म्हटले, "अहो, सांगून समजले नसते का त्याला?" तो म्हणाला, "गुरुजी, तोंडाचं वाऱ्यावर जातं. हाताचं अंगावर ऱ्हातं." शिक्षक म्हणून मला हे मत मान्य नव्हते, आजही नाही. परंतु त्याच्या टोळीतला एकही माणूस त्याला सोडून गेला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

त्याचा डावा कान कायमचा गेला होता. बोलायचे तर उजव्या बाजूला उभे राहावे लागे. कान कसा गेला ते त्याने मला एकदा फलाटावरच्या बाकावर बसून, भाजलेल्या शेंगा सोलत सांगितले. आधीच्या एका स्टेशनावर इंडिकेटर तपासायचे काम चालू होते. तपासणीसाठी पनवेलला बसलेला माणूस गाड्यांची नावे आणि फलाटांचे आकडे पाठवतो, आणि ते इथे बरोबर उमटतात की नाही ते पाहायचे असते. त्या ओळी खऱ्या गाड्यांच्याच असतात. खोटे असते ते त्यांचे येणे. प्रवाशाला हा फरक कळणार कसा? त्या दिवशी लोक आकडा पाहून दुसऱ्या फलाटाकडे धावले, रूळ ओलांडताना एक म्हातारा पडून जबर जखमी झाला, आणि जमावाने तांडेलाला चपला, छत्र्या, मिळेल त्या वस्तूने बडवले.

"तुम्ही तक्रार केली नाही?" मी विचारले.

"कोनाची? लोकांची? बरोबर मारलं त्यांनी. मी खाली असतो तं मीपन मारलं असतं." आणि शेंगेचे टरफल त्याने नेमके कचऱ्याच्या डब्यात टाकले.

तेव्हापासून त्याचा एक नियम होता. तपासणी संपून स्टेशनमास्तरांनी स्वतः हो म्हणेपर्यंत इंडिकेटर गोणपाटाखाली. दोन बाजूंनी सुतळीने घट्ट शिवलेले गोणपाट, आत उजेड लुकलुकतोय आणि बाहेर काही दिसत नाही. गावाला याची फार गंमत वाटे. जनाबाई म्हणून एक कोळीण रोज पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला जाई. ती येताजाता त्याला डिवचत असे.

"काय रं तांडेला, अंतरपाट कंदी काढतोस? मंगलाष्टकं सरली, भटजी जेवून घरी गेला."

"नवरी लाजते तुझं तोंड बगून," तो वर बघत म्हणे.

"माझं तोंड बगून तं पापलेटपन लाजतं. तू कामाचं बोल."

असे त्यांचे चाले. पण गोणपाटाला कोणी हात लावला तर त्याची गंमत संपत असे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने एकदा बाकावर चढून सुतळी तोडली, मोबाइलवर फोटो काढायला. तांडेलाने त्याला खाली घेतले आणि नाकावर असा ठोसा मारला की हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. संध्याकाळी मुलाचे काका, मामा लाठ्या घेऊन आले. तांडेल पळाला नाही. दोघांना त्याने आडवे केले, तिसऱ्याची लाठी डोक्यावर घेतली, आणि डोक्याला टाके घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा खांबाखाली उभा राहिला. मी त्याला स्पष्ट सांगितले की हे चुकले. मूल ते मूलच, माफी मागायला हवी. त्याने आधी हातातली वायर खांबाला बांधली. मग म्हणाला, "नाय मागनार. नाक जोडतं गुरुजी. मान नाय जोडत." मला हे उत्तर पटले असे मी म्हणणार नाही. मी ते विसरलो नाही, इतकेच खरे.

आता ती सकाळ. कंपनीचा एक साहेब छायाचित्रकार घेऊन आला होता. काम पूर्ण झाल्याचे छायाचित्र त्याला त्याच दिवशी वर पाठवायचे होते. तपासणी अजून चालू होती, गोणपाट जागेवर होते. मी पुलाच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा खालचे बोलणे ऐकू येऊ लागले.

"काढ ते पोतं."

"टेस्टिंग चालू हाय साहेब. पनवेलला सांगून बंद करा, मग काढतो."

"दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की परत घाल."

"दोन मिनिटांत मानूस मरतं."

"तू मला शिकवू नकोस. उद्यापासून ही गँग दुसरा कोणी चालवेल."

यावर तांडेलाने जे केले ते त्याच्या स्वभावाला धरूनच होते. त्याने साहेबाची कॉलर धरली, त्याला खांबावर आपटले आणि गळा दाबून धरला. साहेबाचा चष्मा रुळांत पडला. त्याला सोडवले ते तांडेलाच्याच माणसांनी. चौघांनी मिळून त्याला मागे खेचले, हात पिरगाळून बाकावर दाबले, कारण साहेबाला काही झाले तर त्यांचेही काम जाणार होते. पाचव्याने सुतळी कापली. गोणपाट खाली पडले आणि इंडिकेटर झळकला. पनवेलची मेमू, फलाट क्रमांक दोन.

पनवेलकडे जाणारी ती लोकल रोज एक नंबरवर येते. सगळे प्रवासी एक नंबरवरच उभे होते. पाट्या, पिशव्या, भाजीचे भारे घेऊन माणसे खाली रुळांत उतरू लागली. पूल होता, पण गाडी येणार असे दिसल्यावर डोक्यावर ओझे घेऊन पूल कोण चढतो? साहेब चष्मा शोधत होता, छायाचित्रकार मागे सरकून जागा धरत होता. माणसे रुळांत उतरताना बघून त्या चौघांची पकड सैल झाली, आणि तांडेल हिसडा देऊन उठला. गोणपाट उचलून तो शिडीवर चढला. बहुधा तो ते पुन्हा टाकणार होता.

इथे स्टेशनाची रचना सांगणे भाग आहे. एक नंबरच्या टोकाला लाईन टेकडी फोडून केलेल्या कापातून वळते. फलाटावर किंवा रुळांत उभ्या माणसाला वळणापलीकडचे काही दिसत नाही. उंचावरून मात्र कापाच्या काठावरून पलीकडची लाईन दिसते. मला ती पुलावरून दिसत होती. तिच्यावरून कंटेनरची मालगाडी येत होती, थांबा नसलेली, वेगात. शिडीच्या वरच्या पायरीवर तांडेलाची मान त्या दिशेला वळलेली मी पाहिली. आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिली.

तो ओरडला. मीही ओरडलो, पण माझा आवाज वर्गाच्या चार भिंतींपुरता. त्याचा आवाज मोठा होता. मात्र तो आवाज गाव रोज ऐकत असे, आणि तांडेल कोणावर तरी ओरडतोय याला तिथे काही अर्थ उरला नव्हता. खाली जनाबाई पाटी सावरत दोन रुळांच्या मध्ये होती. तिने मान वर करून पाहिलेही नाही. मालगाडीने भोंगा दिला, तोही जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या भोंग्यांत मिसळून गेला.

तेव्हा त्याने कमरेचा पाना काढला आणि इंडिकेटरवर मारला. एकदा नाही, फुटेपर्यंत मारत राहिला. काच, ठिणग्या, पत्रा, सगळे खालच्या लोकांवर कोसळले. रुळांतली माणसे थबकली, वळली, आणि त्यांनी पाहिले की गावाचा इंडिकेटर, ज्याची ते इतके महिने वाट पाहत होते, एक माणूस फोडतो आहे. मग ती सगळी एक नंबरवर परत चढली. पुरुष आधी, शिव्या देत; बायका त्यांच्या मागे. त्यांनी शिडी ओढली. तो पाठीवर पडला. लाथा, दगड, त्याच्याच शिडीची मोडलेली पायरी. जनाबाईने मासळी सांडून रिकामी झालेली पाटी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर हाणली, हे मी पाहिले आहे. मालगाडी स्टेशनातून धडधडत गेली तेव्हा रुळांवर एकही माणूस नव्हता, कारण सगळे त्याच्या अंगावर होते. गाडीचा वारा लागून लोकांचे कपडे फडफडले. तरीही मारणे थांबले नाही.

पनवेलच्या इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा जनाबाई बरोबर होती. आदल्या दिवशी मी तिला पुलावर नेऊन वळण दाखवले होते. तांडेलाचा चेहरा ओळखू येत नव्हता, एक डोळा बंद, आणि उजवा कानही आता गेला होता. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. कामावरून त्याला काढले होते, मोडतोडीचा गुन्हाही दाखल झाला होता. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ठरवून फोडलास?

त्याने वाचले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा बोलला. "वाचवायला बोलवलं तं कोन वळत नाय गुरुजी. मारायला बोलवलं का सगळी येतात."

जनाबाई खाटेच्या कडेला बसली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि खाली मान घालून बोलू लागली. मी पन मारलं रं तुला, मना ठाव नव्हतं, माझे हात झडो, असे काहीसे, पुन्हा पुन्हा. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारले, "काय बोलते? शिव्या घालते काय?"

मी तिच्याकडे पाहिले. पदराने डोळे पुसून तिने स्वतःच मान हलवली, हो.

"मग बरी हाय ती," तो म्हणाला, आणि उशीवर मान टाकून त्याने डोळा मिटला.

पुढे त्याला गावी नेले. मी पोलिसांसमोर जबानी दिली. ती ऐकून घेणाऱ्याने मला चहा दिला आणि म्हणाला, सर, तुम्ही फार भले आहात. वर्षभराने तांडेल खाडीच्या बंधाऱ्यावर वारला, असे त्याच्या टोळीतल्या एकाने मला सांगितले. स्टेशनावर दुसरा इंडिकेटर लागला आहे आणि तो चांगला चालतो. त्याच्याखाली गाडीची वाट पाहणारे लोक मात्र अजून म्हणतात की पहिला एका दारुड्याने फोडला.

त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता, हे मी सांगतो. पण माझ्या सांगण्यावर कोणी विसंबू नये. पनवेलकडच्या कोणालाही विचारले तर स्टेशन कोणते ते कळेल. तिथे उतरा. एक नंबरवर, इंडिकेटरच्या खाली, फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहून वळणाकडे पाहा. नंतर पुलावर चढा आणि पुन्हा तिकडेच पाहा. दोन्ही ठिकाणांहून काय दिसते ते स्वतः तपासा, आणि मग तुमचे मत ठरवा.