जेवण : शून्य रुपये

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबायला नको. जन्मभर दुसऱ्यांच्या खर्चात चुका काढत आलेल्या एका माणसाची ही फजिती आहे. आणि तो माणूस दुर्दैवानं मीच आहे!

आमची करी रोडची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. लिफ्ट आली, वॉचमन आला, पण गणपतीचं मंडळ तेच राहिलं आणि मंडळाचे खजिनदारही तेच राहिले, नाईककाका. तीन खिळे आणले तरी बिल मागणारा माणूस! यंदा मात्र काकांनी सांगून टाकलं की गुडघे गेले, आता दुसरा कुणीतरी बघा. आणि खरं सांगतो, मला ती खजिनदारकी हवी होती. दहा वर्षं हवी होती. लोकांना गाडी हवी असते, बंगला हवा असतो, मला काकांची ती पावत्यांची पत्र्याची पेटी हवी होती. हसलात ना? सांगितलं होतं आधीच उरकून घ्या.

मंडळाचा सेक्रेटरी सुऱ्या, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला म्हटलं, "मीटिंगला माझं नाव सुचव."

"दिन्या, तुझ्या घरातलं लाइटबिल वेगळं आणि मंडळ वेगळं."

"मग काय करू? परीक्षा देऊ?"

"दे ना! आपलं पुण्याला जायचं कधीपासून चाललंय. एका दिवसात जाऊन यायचं, आपण चौघं. बजेट तू कर. बजेटात बसवलंस तर मी स्वतः उभा राहून तुझं नाव सुचवीन."

चौघं म्हणजे मी, सुऱ्या, बाबल्या आणि टोनी. बाबल्या आमच्याच मजल्यावर राहतो आणि जेवणाचा विषय निघाला की जागा होतो. टोनी परळचा, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतलं ख्रिस्ती घर, आणि आमच्या गणपतीचं लायटिंग वीस वर्षं तोच करतो. गाडी त्याचीच न्यायची होती.

दोन संध्याकाळी खपून मी बजेट केलं. माणशी सातशे रुपये, चौघांचे अठ्ठावीसशे. गॅस आणि टोल जाऊनयेऊन एकोणीसशे. पार्किंग आणि तिकिटं तीनशे. घरच्यांसाठी बाकरवडी चारशे. उरलेले दोनशे रुपये 'अचानक' या नावाखाली. काय सुबक कागद होता तो!

बाबल्यानं तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"यात जेवण कुठाय?"

"आहे की. हे काय, नाश्ता शून्य, जेवण शून्य, चहा शून्य."

"उपास हाय काय आपल्याला?"

"अरे, पुण्यातले माझे नातेवाईक कधी कामाला येणार? सकाळी विजयकडे नाश्ता, माझा चुलतभाऊ. दुपारी मावशीकडे जेवण. संध्याकाळी आत्याकडे चहा. हॉटेलात चौघांचे दोन हजार कुठे गेले नसते. वाचले की नाही?"

तिघांनीही माना डोलावल्या. टोनीनं तर मला हात जोडले. "मानला तुला, दिन्या. तू फायनान्स मिनिस्टर पायजे होता."

झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि वरून ओरडलो, "माणशी सातशेच्या वर एक रुपया लागला तर तो माझ्या खिशातून!"

घरी येऊन बायकोला, मंगलला, सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "आणि रिकाम्या हातानं जाणार तुम्ही?"

"अगं, ती मावशी आहे. टोलनाका आहे का?"

मंगल पुढे काही बोलली नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण ती गप्प बसली की घाबरायचं असतं, हे माझ्या अजून लक्षात राहत नाही.

रविवारी सकाळी नऊच्या आत आम्ही विजयच्या बिल्डिंगखाली हजर. आम्ही तिघं उतरलो, टोनी उतरेना.

"हातात काय घेतलंस?" त्यानं मला विचारलं.

"मोबाइल."

"मग मी नाय येत. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं गेलो तर मम्मी मारेल मला."

सत्तेचाळीस वर्षांचा घोडा आहे हा! पण हलेचना. शेवटी कोपऱ्यावरून पेढे घेतले, विजयच्या दोन मुलांना चॉकलेटं घेतली. 'अचानक'चे दोनशे गेले, त्यांच्या मागोमाग बाकरवडीचे चारशे गेले. अजून आम्ही लिफ्टमध्येही शिरलो नव्हतो.

वर विजयनं मिठीच मारली. पोहे आले, त्यावर शिरा आला, तो संपतोय तोवर थालीपीठ आलं. बाबल्या प्रत्येक घासाला माझ्याकडे अभिमानानं बघत होता. मीही खुशीत होतो. एवढ्यात विजयची दोन्ही मुलं आली आणि माझ्या पायाशी वाकली.

आता तुम्हीच सांगा, मुलांनी वाकून नमस्कार केला की काकानं काय करायचं असतं? नुसतं "मोठे व्हा" म्हणून चालतं का? मी खिशातून पन्नासची नोट काढली. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, हिला दहावीला ब्याण्णव टक्के पडले बरं का!"

पन्नासची नोट परत खिशात गेली आणि पाचशेची बाहेर आली. धाकट्याचे टक्के कुणी सांगितले नाहीत, त्यावरून काय ते कळलं, पण त्याला कमी कसे देणार? तोही नोटेवर नजर ठेवून उभा होता. एक हजार!

निघताना वहिनींनी माझ्या तिन्ही मित्रांना ओवाळायचंच बाकी ठेवलं. "पहिल्यांदा आलेत ना घरी!" म्हणून प्रत्येकाला टॉवेल, टोपी आणि नारळ. टोनीनं तर टोपी लगेच घातली. मी आपला चौथा रांगेत उभा. वहिनी माझ्यापर्यंत आल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काय, घरचेच!"

इथवर तरी ठीक होतं. पण विजय हा प्रेमळ माणूस आहे आणि प्रेमळ माणसाच्या हातात फोन असू नये. त्यानं आनंदाच्या भरात हडपसरच्या थोरल्या काकांना फोन लावला. "काका, दिनू आलाय मुंबईहून, मित्रांना घेऊन!"

काकांचा आवाज स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू आला. "पुण्यात येऊन माझ्याकडे नाही? मी काय मेलो?"

आता जायचं नाही म्हणून सांगता का? कोण सांगणार? गाडी हडपसरला वळली. काकांकडे गेलो तर त्यांच्या खालच्या मजल्यावर त्यांची मुलगी, सुमनताई. तिच्या दारावरून जिना चढायचा आणि तिच्याकडे जायचं नाही? तीन घरांची झाली पाच. प्रत्येक घराला पेढे, प्रत्येक घरात पाया पडायला टपलेली पोरं. काकांकडे घावणे आणि चटणी, सुमनताईकडे "काही नाही रे, थोडंसं" म्हणून साबुदाण्याची खिचडी. आणि माझ्या मित्रांना शर्टपीस! मला? घरचाच!

कोथरूडला मावशीकडे पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि पोटात सूतभरही जागा नव्हती. मावशी दारातच उभी होती. चाळीस वर्षं पुण्यात राहून तिची मालवणी तसूभर हललेली नाही.

"खंय होतंस रे मेल्या इतकी वर्षां? वास्तुशांतीक पण येवंक नाय!"

वास्तुशांत! नवीन फ्लॅटची! दीड वर्षापूर्वी आमंत्रण आलं होतं आणि मी बसभाडं वाचवायला कामाचं निमित्त सांगितलं होतं. म्हणजे आता आहेराशिवाय त्या घरात जेवणं शक्य नाही. मी हात धुवायचं निमित्त करून बेसिनपाशी जाऊन हजार मोजले. वरचा एक रुपया बाबल्यानं दिला. आख्ख्या सहलीतली त्याची तेवढीच वर्गणी!

पण कोंबडी-वडे काय होते हो! पोटात जागा नसताना मी सात खाल्ले. बाबल्यानं अकरा. शेवटी तो पट्टा सैल करून म्हणाला, "दिन्या, बजेट एकदम झकास रे तुझं!"

आत्याकडे पोचायला सहा वाजले. तिला आता नीट दिसत नाही. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "बारीक झालास." चार घरचं खाऊन आलेल्या माणसाला हे बोलायला आत्याच पाहिजे. खरंच सांगतो, तिचे हात मी तसेच धरून ठेवले. चार वर्षांत फिरकलो नव्हतो तिच्याकडे. फजिती तर फजिती, त्या क्षणी मला त्या दिवसाचा एकही रुपया जड वाटला नाही. मग तिच्या तीन नातवंडांनी नमस्कार केला आणि थोडा जड वाटला.

पुणं बघितलं का, असं विचारू नका. शनिवारवाड्याचा दरवाजा सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दिसला. टोनी म्हणाला, "आत जायचं काय?" तेवढ्यात सिग्नल सुटला.

परतीच्या टोलच्या रांगेत मी हिशोब केला. जमवलेले अठ्ठावीसशे. झालेले सात हजार सहाशे. वरचे अठ्ठेचाळीसशे! फुकटच्या जेवणाचे! एवढ्या पैशांत आम्ही दोन हॉटेलांत जेवून वर वेटरला टिप देऊन आलो असतो.

सुऱ्या म्हणाला, "असू दे रे. आपण वाटून घेऊ."

आता आपल्यात आग्रहाची एक रीत आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणायचं. त्याप्रमाणे मी छाती काढून म्हणालो, "छे! शब्द दिलाय मी. सगळे माझ्या खिशातून."

सुऱ्या म्हणाला, "बरं."

तिघंही! एकदम! दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही हो! बाबल्या तर मांडीवरचे शर्टपीस मोजायला लागला.

पुढचा आठवडाभर मी सुऱ्याला टाळत होतो. सातशेचं बजेट सांगून एकोणीसशेला नेणारा माणूस खजिनदार कसला होतोय? ती पत्र्याची पेटी गेली, हे मी मनाशी पक्कं केलं. रविवारी मीटिंगला गेलो तोही मागच्या खुर्चीवर, दारापाशी, नाव निघालंच तर पटकन सटकता यावं म्हणून.

सुऱ्या उभा राहिला. घसा साफ केला. "मंडळी, खजिनदार म्हणून मी दिनेशचं नाव सुचवतो."

मी उडालोच! हा विसरला की काय?

"मागच्या रविवारी आम्ही याच्याबरोबर पुण्याला गेलो. याचं बजेट साफ कोसळलं. दुपटीच्या वर गेलं." लोक हसायला लागले. सुऱ्यानं हात वर केला. "हसू नका! वरचे अठ्ठेचाळीसशे रुपये या माणसानं मुकाट्यानं स्वतःच्या खिशातून भरले. आम्ही वाटून घेऊ म्हटलं तरी ऐकलं नाही. मला सांगा, हिशोब करणारे पुष्कळ मिळतील. तूट आल्यावर स्वतः भरणारा खजिनदार या मंडळाला कधी मिळाला होता?"

काय टाळ्या पडल्या! एका आवाजात निवड झाली. नाईककाका तर डोळे पुसत पुढे आले आणि ती पेटी त्यांनी माझ्या हातात ठेवली. दहा वर्षं जिची वाट बघितली ती पेटी! एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.

"मांडववाल्याचे गेल्या वर्षीचे अकरा हजार राहिलेत," काका कानाशी लागून म्हणाले. "आता मला काळजी नाही."

घरी येऊन मंगलसमोर पेटी ठेवली आणि सगळं भाषण तिला जसंच्या तसं ऐकवलं, टाळ्यांसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठली, खुंटीवरच्या माझ्या पँटमधून पाकीट काढलं, त्यातलं एटीएम कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, "अभिनंदन, खजिनदारसाहेब! उद्यापासून चहाला पैसे लागले तर पावती फाडून माझ्याकडे मागायचे."