पंडुमाआधीची कैरी

यंदाची पहिली कैरी चिरली की त्या आंबट वासानं मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आदिवासी टोल्यावर, पाड्यावर, जाऊन पोचतो.

आमचे कॉम्रेड, खाण कामगारांचे पुढारी, तिथं तेंदूपत्त्याच्या मजुरीवर बोलायला आले होते. मी सोबत होतो. माणूस पक्का मार्क्सवादी. देव माणसानं भीतीपोटी घडवला, असं प्रत्येक सभेत सांगायचे. उन्हात चालून घसा सुकलेला. बोलता बोलता त्यांनी डोक्यावरच्या फांदीची कैरी तोडली आणि खाल्ली.

समोरची माणसं कुजबुजू लागली. आंब्याचा पंडुम व्हायचा होता. त्या सणाला देवाला फळ वाहिल्याशिवाय तिथं कोणी कैरीला हात लावत नाही.

म्हातारे गावपाटील म्हणाले, "भाऊ, तुमाले मालूम नोहतं. पण गावाले दंड द्या लागते. एक कोंबडा."

आता सभा मोडणार, असं मला वाटलं. कॉम्रेडनी उरलेली कैरी खाली ठेवली. "देव मी मानत नाई. पण सगळ्यांनी मिळून केलेला कायदा मानतो. कोंबडा कुठी भेटते?"

परतताना मी चिडून विचारलं, "ही अंधश्रद्धा काऊन पोसता?"

"अरे, कच्ची कोणी तोडत नाई म्हणून सगळ्यांच्या वाट्याले आंबा येते. आपण दुसरं काय सांगून राह्यलो?"

कॉम्रेड जाऊन बरीच वर्षं झाली. त्या टोल्यावर पंडुमाला देवाशेजारी एक कैरी त्यांच्या नावानं ठेवतात. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. पण गावानं ठरवलंय म्हटल्यावर एक शब्द बोलले नसते.