शिफ्ट बदलताना

भोईरचा हात मी नळाखाली धरून ठेवला होता. कोपरापर्यंत कातडी लालभडक झालेली. तो ओरडत नव्हता, फक्त विचारत होता, "साहेब, बोटं हलतील ना?"

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं बंद भांडं, ते वाफेवर तापवतात. ते चालवणाऱ्या भोईरनं ड्युटीवर येताच वाफेचा व्हॉल्व्ह नेहमीसारखा उघडला आणि पाइपच्या जोडातून वाफ फुटली. लॉगबुकात आधीच्या शिफ्टचा शेरा होता, 'स्टीम लाइन ओके'.

तो शेरा सावंतचा. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या केबिनमध्ये आला. रात्रभर झोपला नसावा.

"साहेब, जोड थोडा फुसफुसत होता. व्हॉल्व्ह हळू उघडला की काही होत नव्हतं. मेंटेनन्सवाले येणारच होते."

"मग लिहिलं का नाहीस?"

"एवढंसं कोण लिहितं? भोईर आला की बोलता बोलता सांगतोच ना. पण बस सुटत होती."

मग माझ्या लक्षात आलं. पूर्वी कंपनीची बस नव्या शिफ्टला सोडून जरा वेळ थांबायची. ड्रायव्हर चहा घ्यायचा. तेवढ्यात प्रत्येक मशीनपाशी जाणारा आणि येणारा शेजारी शेजारी उभे राहून बोलायचे. खर्च कमी करायचा म्हणून नुकतंच ते थांबणं बंद झालं होतं. आता एका दारानं माणसं उतरत, दुसऱ्यानं चढत आणि बस भरून लगेच निघे.

मी डायरेक्टरांकडे गेलो.

"गप्पांसाठी बस थांबवायची?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"त्यापेक्षा लॉगबुक नीट भरायला सांगा."

"सांगितलंय. पण काय लिहायचं राहिलं, ते समोरच्यानं विचारल्यावरच आठवतं."

"भोईर कसा आहे?"

"हात वाचला. पण बरेच दिवस घरी राहावं लागेल."

"थांबू दे बस," ते म्हणाले.

पुढे काही वर्षांनी 'नॉलेज मॅनेजमेंट' शिकवायला एक कन्सल्टंट बाई आल्या. कँटीनमध्ये प्रोजेक्टर लावून त्यांनी विचारलं, "एकाला माहीत असलेलं दुसऱ्यापर्यंत तुमच्याकडे कसं पोचतं?"

भोईर म्हणाला, "बस थांबते, मॅडम."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला नीट विचारून घेतलं आणि मग शिफ्ट बदलताना स्वतः येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या रिपोर्टात त्या गप्पांना 'नॉलेज ट्रान्सफर' असं भारदस्त नाव मिळालं. आम्ही त्यावर पुष्कळ थट्टा केली.

नंतर नवे डायरेक्टर आले आणि पुन्हा खर्चाला कात्री लागली. कँटीनचा नाश्ता गेला, ओव्हरटाइम गेला. बसच्या थांबण्याला मात्र कोणी हात लावला नाही.

बाईंच्या त्या रिपोर्टात नवीन काय होतं, असं मला आजही लोक विचारतात. काहीच नव्हतं. पण नुसत्या गप्पा कापायला कोणालाच काही वाटत नाही. नॉलेज ट्रान्सफर कापायचं तर कोणाला तरी सही करावी लागते.