साबण लावून काढलेल्या बांगड्या

सुमनआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत होते. तशीच मागे फिरले आणि जवळा बाजारची एसटी धरली. आता महिना उलटून गेला, पण राग उतरत नाही. तो उतरू नये म्हणूनच लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. गावात कुणाचा नवरा गेला की आक्का रजेचा अर्ज टाकून त्या घरी जाऊन बसायची. भाषण नाही, उपदेश नाही. त्या बाईची दोन्ही मनगटं आपल्या हातात घट्ट धरून बसायची, दहावा होईपर्यंत, रोज. बांगड्या फोडायला आलेल्या म्हाताऱ्या ताटकळायच्या, शिव्याशाप द्यायच्या. "सोड तिला, लेकराबाळाचं घर हाय," म्हणायच्या. आक्का म्हणायची, "माझे हात सोडवा आधी." एका घरी कुणीतरी खरंच बत्ता मारला तिच्या हातावर. करंगळी कायमची वाकडी झाली, पण त्या बाईची एकही बांगडी फुटली नाही.

तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा मी धावत गेले, तिचे हात धरायला. माझ्यावरच डाफरली. "मला काहून धरून राहिलीस? मी काय काढू देईन व्हय?" आणि दहावा झाल्यावर हिरव्यागार बांगड्या भरून वर्गात उभी राहिली…

त्या दिवशी मी अंगणात पोहोचले तेव्हा तिची शेवटची अंघोळ चालली होती. धाकटी जाऊ तिच्या मनगटाला साबण चोळत होती आणि एकेक बांगडी ओढून बादलीशेजारी ठेवत होती. ही तीच जाऊ, जिच्या बांगड्या आक्काने दहा दिवस राखल्या होत्या. अजूनही तिच्या हातात किणकिणत होत्या. मला बघून हळूच म्हणाली, "फोडल्या न्हाईत बाई, काढूनच घेतल्या. आक्काचा मान राखला. पुढल्या महिन्यात नातीचं लगीन हाय, लोकं नावं ठेवतेत."

मान राखला म्हणे! आणि मी काय केलं? पदर तोंडाला लावून उभी राहिले. दोन पावलं पुढे जाऊन ते ओले हात धरायचे होते, एवढंच. आयुष्यभर तिच्या मागे मागे फिरले आणि नेमक्या वेळी पाहुणी झाले. जावेवरचा राग सांगता तरी येतो.

शोकसभा ग्रामपंचायतीत झाली. बांगड्या फोडण्याची प्रथा बंद, हा ठराव आक्कानेच भांडून करून घेतलेला. भिंतीवर लावलेल्या त्याच्या चौकटीखाली तिचा फोटो मांडला होता, आणि क्रांतिकारक, रणरागिणी, काय काय बोलले लोक. मी माईक घेऊन त्या साबणाचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई भावुक झाल्यात. चहा घेऊन जा सगळ्यांनी."

घरी येऊन मी सुनेला समोर बसवलं. शिकलेली आहे, बँकेत नोकरी करते, माझ्यावर जीव आहे तिचा. म्हटलं, हे माझ्या आधी गेले तर माझे हात तू धरायचे. आणि मी गेले की बांगड्यांसकट मला न्यायचं, कुणाचंही ऐकायचं नाही. धरशील ना?



"आई, कशाला असलं बोलून राहिलात," ती म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा बघू."