कार्मेनच्या भावाची कॅसेट

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आईला तर नाहीच.

इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत, आमच्या शेजारी कार्मेन राहायची. मूळची माल्टाची, आयरिश माणसाशी लग्न करून इथे आलेली, ऐंशी ओलांडलेली. तिचा भाऊ तरुणपणी ऑस्ट्रेलियाला गेला, ऊसतोडीला. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं खुशाली गाऊन पाठवली — त्यांच्याकडे तशी रीतच होती. गिटार, आणि ताणून लावलेला उंच आवाज. बोट कुठली, मुकादम कसा, हात कसा चिरडला, परत का येणार नाही — सगळं त्या एका कॅसेटवर. तो तिकडेच वारला.

मोबाइलवर घेऊन देते, असं मीच म्हटलं. हौस दांडगी ना! जुना टेपरेकॉर्डर मिळवला, सुरू केला, आणि आईचा फोन आला. नंतर कॅसेट लावून ऐकते तर काय — कुकरच्या शिट्ट्या, आणि मी: मजेत आहोत गं आई, इथे काही कमी नाही. धडधडीत खोटं, त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली होती. ‘प्ले’ऐवजी ‘रेकॉर्ड’चं बटण दाबलं गेलं होतं.

चूकच ती. होते माणसाकडून, नाही का? पण थांबा — इथवर सांगणं सोपं आहे.

माझ्या बडबडीच्या पुढे तो गातच होता. अर्ध्याहून जास्त कॅसेट शिल्लक होती! माझा आवाज तेवढा पुसता आला असता. पण मग मधेच कोरी कशी, असं तिनं विचारलं असतं. म्हणून — म्हणून मी तेच बटण पुन्हा दाबलं, मुद्दाम, आणि स्वयंपाकघराचं दार लावून बाहेर बसले. दोन्ही बाजू पुसल्या.

कार्मेनला म्हटलं, आधीच कोरी होती, उष्णतेनं गेली असेल. ती कॅसेट शेगडीवरच्या प्रेसमध्ये ठेवायची — इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिला लगेच पटलं. माझ्याच हातानं त्याला जाळलं, म्हणायची. मग आठवून गायला बसायची. दोन कडवी यायची, मुकादमापाशी अडकायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. मी समोर चहा पीत बसलेली. तिचं गाणं अडायचं, माझा चहा मात्र संपायचा.

मार्चमध्ये ती गेली. त्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिनं विचारलं, "माफ करेल ना गं तो मला?"

तेव्हा तरी सांगायचं होतं.

"करेल, कार्मेन," मी म्हटलं. "नक्की करेल."

तिनं माझा हात दाबला आणि थँक यू म्हणाली.